रोज एक गोळी : रक्ताच्या एका कर्करोगावरील नेमका उपचार



आपल्या बातमीपत्रातील अभ्यास-लेखासाठी या वेळी एका आजाराचा विषय घेतला आहे. 'ब्लड कॅन्सर' हे शब्द कानावर पडले की घरात कोणी बोलेनासे होते. जुन्या हिंदी सिनेमात नायकाला ब्लड कॅन्सर झाला की पुढची गोष्ट प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. परंतु रक्ताचा कर्करोग हा एक आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी आहे. त्यांपैकी एका प्रकाराचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पूर्णपणे पालटले आहे. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया, थोडक्यात सी.एम.एल.

हा आजार पहिल्या टप्प्यात सापडला आणि त्यावरची गोळी रोज न चुकता घेतली, तर बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे आपले काम करीत, संसार सांभाळीत जगतात. या वाक्यातील 'रोज न चुकता' हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत. सगळा लेख त्याच शब्दांसाठी लिहिला आहे.

शाळेच्या बातमीपत्रात हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, दहावीच्या विज्ञानात आपण आनुवंशिकता व गुणसूत्रे शिकतो, आणि गुणसूत्रातील बिघाड म्हणजे काय याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. दुसरे, पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास दिसतो, परंतु भारतात तो तिशी-चाळिशीतील माणसांना अधिक होतो. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना. तिसरे कारण आपल्या सीमाभागाचे आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद तालुक्यातील मराठी घरातला रुग्ण उपचारासाठी कलबुर्गीला जातो, हैदराबादला जातो, नाही तर सोलापूर-बार्शी गाठतो. डॉक्टर कन्नड, तेलुगू किंवा हिंदीत बोलतात आणि रिपोर्ट इंग्रजीत येतो. तो रिपोर्ट घरात आधी कोणाच्या हातात दिला जातो? शाळेत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या. म्हणून त्या मुलांना हा विषय समजलेला बरा.

आजार म्हणजे नेमके काय

आपल्या हाडांच्या आत मगज असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तेथेच तयार होतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. सी.एम.एल. मध्ये मज्जा या पेशी बेसुमार तयार करू लागते. निदानाच्या वेळी हा आकडा पुष्कळदा लाखाच्या वर गेलेला आढळतो.

पोटात डाव्या बरगडीखाली पानथरी असते. आपल्याकडे हिंदी-उर्दू बोलणारे शेजारी तिला तिल्ली म्हणतात. वाढलेल्या पेशींमुळे पानथरी मोठी होते, पोटात डावीकडे जडपणा वाटतो आणि चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते. थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे, बारीक ताप ही इतर लक्षणे आहेत. काहींना तर कोणतेच लक्षण नसते. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले जाते आणि आजार उघड होतो. पांढऱ्या पेशी साध्या जंतुसंसर्गातही वाढतात, त्यामुळे एका आकड्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. निदान पुढच्या खास तपासणीनेच होते.

या आजाराचे तीन टप्पे सांगितले जातात. पहिला संथ टप्पा उपचाराविना काही वर्षे चालतो. दुसऱ्या टप्प्यात आजार वेग घेतो. तिसऱ्यात तो तीव्र ल्युकेमियासारखा भडकतो आणि मग उपचार फार अवघड होतो. आज बहुतेक रुग्ण पहिल्या टप्प्यातच सापडतात. त्यांना तेथेच रोखून धरणे हे उपचाराचे मुख्य काम आहे.

दोन गुणसूत्रांची अदलाबदल

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या संशोधकांना सी.एम.एल. च्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणू लागले. एखाद्या कर्करोगाशी गुणसूत्रातील ठरावीक बिघाड जोडला गेल्याचे हे पहिले उदाहरण होते.

ते आखूड का झाले, हे कळायला तेरा वर्षे लागली. १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की तुकडा हरवलेला नाही. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेले आहेत. गुणसूत्रांच्या छायाचित्रांतील एकेक आकृती कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडीत आणि जुळवून पाहात. विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की निरीक्षण करणाऱ्याला टेबल आणि कात्रीही पुरते, मात्र चिकाटी हवी.

या अदलाबदलीत ९ व्या गुणसूत्रावरील 'एबीएल' हे जनुक २२ व्या गुणसूत्रावरील 'बीसीआर' या जनुकाला जाऊन चिकटते. दोन्ही मिळून 'बीसीआर-एबीएल' हे नवे जनुक होते आणि त्यापासून एक वेगळेच प्रथिन तयार होते. हे प्रथिन टायरोसिन कायनेज जातीचे विकर आहे. पेशीला 'वाढ' असा निरोप देणे हे अशा विकरांचे काम असते. निरोगी पेशीत हा निरोप गरजेपुरता दिला जातो आणि थांबतो. या बिघडलेल्या विकराचा निरोप मात्र थांबत नाही.

शेतकऱ्यांच्या मुलांना हे लगेच समजेल. बोअरच्या मोटारीच्या स्टार्टरचे बटण आत अडकून बसले तर काय होते? शेत भिजले, पाणी बांधावरून वाहू लागले, तरी मोटार चालूच राहते. सी.एम.एल. मध्ये मज्जेतील पेशीचे बटण असे अडकलेले असते.

नेमका मारा

पूर्वी या आजारावर काय उपचार होते? बुसल्फान व हायड्रॉक्सियुरिया या गोळ्यांनी पेशींची संख्या खाली येत असे, पण आजाराची मुळे तशीच राहात. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा काहींना उपयोग होई, मात्र ताप व अंगदुखी फार. अस्थिमज्जा बदलण्याची पद्धतही होती, परंतु जुळणारा दाता, मोठा खर्च आणि जिवाचा धोका यांमुळे ती थोड्यांनाच शक्य होती.

नेहमीच्या केमोथेरपीत भराभर वाढणाऱ्या सर्व पेशींवर मारा होतो. तुरीच्या शेतातील तण काढताना तुरीची रोपेही उपटली जावीत, तसा हा प्रकार आहे. म्हणून केस गळतात आणि तोंड येते. शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. बिघाड एका विकरात आहे, तर फक्त तेच विकर बंद करता येईल का?

हे विकर एटीपी नावाच्या रेणूकडून फॉस्फेट घेते आणि दुसऱ्या प्रथिनांना देते. एटीपी बसण्यासाठी विकरात एक खाच असते. त्या खाचेत नेमका बसेल असा रेणू स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. ही कंपनी १९९६ मध्ये नोव्हार्टिस झाली. निकोलस लायडन हे कंपनीतील शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतील ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रुकर यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. त्या औषधाचे नाव इमॅटिनिब. खाच अडली की एटीपीला जागा मिळत नाही, निरोप बंद होतो आणि रोगट पेशी मरू लागतात. निरोगी पेशींत हे बिघडलेले विकर नसल्याने त्या बऱ्याच अंशी वाचतात. यालाच लक्ष्यवेधी उपचार म्हणतात.

आकडे काय सांगतात

१९९८ मध्ये रुग्णांवर पहिल्या चाचण्या सुरू झाल्या. इंटरफेरॉन लागू न पडलेल्या ज्या ५४ रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा दिली गेली, त्यांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेने या औषधाला मंजुरी दिली.

नव्याने निदान झालेल्या रुग्णांसाठी मोठी चाचणी १६ देशांत झाली. तिच्यात १,१०६ रुग्ण होते. निम्म्यांना इमॅटिनिब देण्यात आले आणि निम्म्यांना इंटरफेरॉनसह दुसरे औषध. इमॅटिनिबचा फायदा इतका स्पष्ट दिसला की दुसऱ्या गटातील बहुतेक रुग्ण पुढे इमॅटिनिबवरच आले. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते.

त्यानंतर डासाटिनिब, निलोटिनिब व बोसुटिनिब ही त्याच जातीची पुढची औषधे आली. २०२४ मध्ये अमेरिकेत ॲसिमिनिब हे औषधही नव्या रुग्णांसाठी मंजूर झाले. ते विकराच्या वेगळ्याच खाचेत बसते. नवी औषधे आजार लवकर खाली आणतात, परंतु प्रत्येकाचे त्रास वेगळे आहेत. डासाटिनिबने काहींच्या फुप्फुसाभोवती पाणी होते. निलोटिनिब घेताना हृदयाच्या रक्तवाहिन्या व साखर यांकडे लक्ष ठेवावे लागते. म्हणून महाग तेच चांगले असे समजू नये. रुग्णाचे वय, इतर आजार आणि ऐपत पाहून डॉक्टर औषध ठरवतात. इमॅटिनिब आजही पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे.

ही गोळी आपल्याला परवडली कशी

आता आपल्या देशाची गोष्ट. सुरुवातीला कंपनीच्या 'ग्लिवेक' या गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. वर्षाचे १४ लाख ४० हजार. आपल्या भागात किती घरांना हे झेपले असते? कंपनीने 'मॅक्स फाउंडेशन' या संस्थेच्या मदतीने भारतातील हजारो रुग्णांना औषध मोफत पुरविले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. परंतु दान आणि हक्क यांत अंतर असते.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनविण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणून आपल्या कंपन्या तेच औषध आपल्या पद्धतीने बनवू शकत. बिदरपासून काही तासांच्या अंतरावरील हैदराबादच्या नॅटको कंपनीने २००३ मध्ये इमॅटिनिबची देशी गोळी बाजारात आणली. देशी गोळ्यांचा महिन्याचा खर्च ८ ते १० हजारांच्या घरात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोव्हार्टिसला भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि देशी गोळ्यांपुढे संकट उभे राहिले.

२००५ पासून भारताने औषधांवर पेटंट देण्यास सुरुवात केली, पण कायद्यात ३(ड) हे कलम घातले. जुन्याच औषधाचे नवे रूप पुढे केले, तर त्याचा गुण खरोखर वाढला आहे हे सिद्ध करावे लागेल, असा त्याचा भाव आहे. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. त्याला देशी कंपन्यांबरोबर मुंबईच्या 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' या संस्थेनेही आक्षेप घेतला. रुग्णांसाठी काम करणारी एक संस्था जगातील बड्या कंपनीसमोर उभी राहिली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. ३(ड) कलमालाच दिलेले आव्हान २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नामंजूर केले. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने नोव्हार्टिसचे अपील फेटाळले. गुण वाढला म्हणजे रुग्णाच्या आजारावर होणारा परिणाम वाढला पाहिजे, असा अर्थ न्यायालयाने स्पष्ट केला. संशोधनाला मोबदला मिळाला नाही तर नवी औषधे येणार नाहीत, अशी कंपनीची बाजू होती. ती चर्चा जगात आजही चालू आहे. मात्र या निकालाने देशी गोळीचा रस्ता मोकळा राहिला.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. आज त्याची किंमत पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आली आहे. एवढ्या झगड्यानंतर आपल्या हाती आलेली गोळी डब्यात पडून राहू नये.

निदान झाल्यावरचे पहिले वर्ष

समजा, घरात किंवा शेजारी कोणाला हा आजार निघाला. तर पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. प्रथम बीसीआर-एबीएल जनुकाची तपासणी होते. रक्तावरूनही ती करता येते. बहुधा मज्जेचीही तपासणी करतात. मूळ रिपोर्ट जपून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईलमध्ये लावावा. पुढे हे सर्व रिपोर्ट ताडून पाहावे लागतात.

२. पहिल्या टप्प्यात इमॅटिनिबची नेहमीची मात्रा रोज ४०० मिलिग्रॅम असते. ती जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. निलोटिनिबचे उलट आहे, ते रिकाम्या पोटीच घ्यावे लागते. म्हणून एका रुग्णाचा नियम दुसऱ्याला सांगू नये.

३. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तपेशींची मोजणी वारंवार होते. पेशी फार कमी झाल्या तर डॉक्टर औषध थोडे दिवस थांबवतात. ते त्यांनी थांबवायचे, आपण नाही.

४. नंतर दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजतात. याला पीसीआर तपासणी म्हणतात. तिसऱ्या महिन्यात हे प्रमाण १० टक्के किंवा कमी, सहाव्या महिन्यात १ टक्का किंवा कमी आणि बाराव्या महिन्यात ०.१ टक्का किंवा कमी असावे, अशी अपेक्षा असते. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासावे.

५. प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरले नाही तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या रोज घेतल्या का? उत्तर खरे द्यावे. गोळ्या घेऊनही उतार नसेल तर खाचेचा आकार बदलला आहे का हे पाहून दुसरे औषध देता येते. खोटे उत्तर दिले तर चांगले औषध निकामी ठरवले जाते आणि महागडे सुरू होते.

६. त्रास होतात, पण बहुतेक सोसण्याजोगे असतात. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायात गोळे येणे, पुरळ, जुलाब. ताप, रक्तस्राव किंवा धाप लागली तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

७. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने इमॅटिनिबचा परिणाम कमी होतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे सांगावीत. गरोदरपणात ही गोळी बाळाला बाधू शकते. तरुण स्त्री रुग्णांनी मूल होण्याचा विचार आधीच डॉक्टरांशी बोलावा.

गोळी चुकते कुठे

या आजाराची अडचण अशी की औषध लागू पडले की रुग्णाला बरे वाटते. पानथरी उतरते, भूक लागते, अंगात बळ येते. मग वाटते, आता कशाला? तुरीच्या राशीचे दिवस, लग्नसराई, आषाढीला पंढरपूर, तुळजापूरची फेरी, यांत दोन-चार दिवस सहज जातात. गोळ्या संपलेल्या असतात आणि हैदराबादला जायला सवड नसते. कोणी पाहुणा झाडपाल्याचे औषध सांगतो आणि 'इंग्रजी औषध गरम पडते' म्हणून गोळी बंद होते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने या प्रश्नाचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना झाकणातच मोजणी करणारे यंत्र बसविले होते. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात ०.१ टक्क्याचा पल्ला गाठण्याची सहा वर्षांतील शक्यता ९४.५ टक्के निघाली. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात ती २८.४ टक्के. ८० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांपैकी एकालाही तो पल्ला गाठता आला नाही.

विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. महिन्याचे ३० दिवस. तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्के. सहा चुकल्या की ८० टक्के. महिन्यातून तीन दिवस म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, आणि फरक एवढा पडतो!

एक प्रश्न राहतो. ही गोळी जन्मभर घ्यायची का? काही रुग्णांत अनेक वर्षांच्या उपचारानंतर रोगाचा अंश दोन वर्षे किंवा अधिक काळ सापडत नाही, तेव्हा डॉक्टर औषध थांबवून पाहतात. त्यांतील जवळपास निम्म्यांचा आजार परत येतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केली की तो आटोक्यात येतो. पण त्यासाठी वेळोवेळी, सुरुवातीला तर महिन्या-महिन्याला, पीसीआर करावी लागते. स्वतःच्या मनाने बंद करणे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवणे यांची तुलना होऊ शकत नाही.

काही गैरसमज

सी.एम.एल. संसर्गाने पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची गरज नाही. हा आजार आई-वडिलांकडून मुलांत उतरत नाही. गुणसूत्रांची ही अदलाबदल जन्मानंतर मज्जेतील एका पेशीत होते आणि तिच्यापासून पुढच्या पेशी वाढतात. म्हणून बापाला सी.एम.एल. आहे एवढ्यावरून मुलीचे स्थळ मोडणे हा अज्ञानाचा प्रकार आहे. लोक काय म्हणतील या भीतीने आजार लपवला जातो, गोळ्या धान्याच्या कोठीत लपवल्या जातात आणि पाहुणे असले की चुकतात.

आपण काय करू शकतो

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की घरात असा रुग्ण असेल तर कॅलेंडरवर रोज खूण करण्याचे काम तुम्ही घ्या. रात्री जेवण झाले की विचारा, "काका, आजची गोळी झाली का?" दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या आणायची आठवण द्या.

पालकांना विनंती की उपचार जवळ मिळत असेल तर तो घ्यावा. कलबुर्गीला किदवाई संस्थेचे केंद्र आहे. हैदराबादला निम्स व एम.एन.जे. आहेत. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आहे आणि मुंबईला टाटा रुग्णालय आहेच. औषध सरकारी योजनेत बसते का, जनऔषधी केंद्रात मिळते का, हे रुग्णालयातील समाजसेवकांना विचारावे. रेशनकार्ड व आधार जवळ ठेवावे. आपण कर्नाटकाचे रहिवासी असल्याने सीमेपलीकडच्या रुग्णालयात आपली योजना चालेल की नाही, हे जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

विश्वस्त मंडळाला नम्र सूचना अशी की गरजू पालकाला गोळी कशीबशी मिळते, परंतु प्रवासखर्च आणि तीन महिन्यांची तपासणी यांवर गाडी अडते. शिष्यवृत्ती निधीबरोबर अशा प्रवासासाठी थोडी रक्कम राखून ठेवता आली तर उपयोग होईल. मदत घेणाऱ्याचे नाव मात्र शाळेत कोठेही लागू नये. आई किंवा वडिलांसोबत दवाखान्यात गेलेल्या मुलाची गैरहजेरी वर्गशिक्षकांनी सहानुभूतीने पाहावी आणि बुडालेला अभ्यास भरून द्यावा.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. येथे लिहिलेले समजून घेण्यासाठी आहे. औषध कोणते व किती, हे रुग्णाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. आपले काम त्यांनी ठरवलेली गोळी रोज घेतली जाते की नाही हे पाहण्याचे.

स्वाध्याय (इयत्ता ९ वी व १० वी)

१. फिलाडेल्फिया गुणसूत्र कोणत्या दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे तयार होते? आकृती काढा.

२. नेहमीची केमोथेरपी आणि लक्ष्यवेधी उपचार यांतील फरक शेतीचे उदाहरण देऊन पाच ओळींत लिहा.

३. एका रुग्णाने वर्षाच्या ३६५ पैकी ३१० गोळ्या घेतल्या. टक्केवारी काढा आणि हॅमरस्मिथच्या अभ्यासानुसार तो कोणत्या गटात येतो ते सांगा.

४. 'संशोधकाचा मोबदला आणि रुग्णाचा हक्क' या विषयावर वर्गात चर्चा करा. दोन्ही बाजू मांडा.

५. घरातील कोणतेही एक रोजचे औषध घ्या, मग ते रक्तदाबाचे असो वा मधुमेहाचे. ते घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी महिन्याचा तक्ता तयार करा आणि महिनाभर रोज खूण करा. महिन्याच्या शेवटी किती खुणा झाल्या ते वर्गात सांगा.